ठिपक्यांवर न बसणारी रेघ

अक्कोरूंच्या दारात रांगोळी मी घालायची आणि अक्कोरूंनी मला दहावीचं गणित शिकवायचं, असं आमचं ठरलं होतं. या देवघेवीत फायदा माझाच होता, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्यामुळे चिमटीतून रांगोळी सोडताना माझं लक्ष अक्कोरूंच्या तोंडाकडे असायचं. रेघ जाड पडली की वाटायचं, आता म्हणतील, राहू दे, उद्यापासून येऊ नकोस. त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत. मी मात्र रोज त्या वाक्याची वाट बघायची.

हुबळीकडे शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. या अक्कोरू आमच्या समोरच राहायच्या. सगळा जन्म कन्नड शाळेत गणित शिकवलेलं, आता एकट्या, आणि गुडघे पार गेलेले. खाली वाकता येत नाही आणि रांगोळीशिवाय दार बघवत नाही, अशी त्यांची पंचाईत. म्हणून त्या सकाळी कट्ट्यावर काठी घेऊन बसायच्या आणि मी खाली फरशीवर उकिडवी. काठीचं टोक जिथं टेकेल तिथं मी ठिपका द्यायचा.

माझी पंचाईत वेगळी होती. मी कोकणातली. सातवीपर्यंतची शाळा गावात, पुढची खाडीपलीकडे. सातवी झाल्यावर घरचे म्हणाले, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. मग लग्न झालं आणि समुद्राच्या काठावरून उठून मी या काळ्या मातीच्या मुलखात आले. नवरा हुबळीजवळ तारिहाळला एका कारखान्यात. मी बोळाच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत मदतनीस: पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, उप्पीट शिजवायचं, हात धुवायला लावायचे, झाडून कुलूप लावायचं.

त्या वर्षी अंगणवाडीची कार्यकर्ती उन्हाळ्यानंतर सोडून जाणार होती. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "दहावी असतीस तर तुझंच नाव पुढं केलं असतं बघ." मी बाहेरून दहावीला बसले होते. बाकीचे सगळे विषय सुटले, कन्नडसुद्धा सुटलं, आणि गणितात गचकले. आता पुन्हा परीक्षा होती तेवढ्या एका पेपराची, आणि त्यानंतर जागा भरणार होते.

इकडे नवऱ्याच्या कारखान्यात काम कमी झालेलं. आठवड्यातून निम्मे दिवस घरीच. थोरले दीर अळणावरला लाकडाच्या वखारीवर होते. ते प्रत्येक खेपेला म्हणायचे, "कशाला इथं भाड्याच्या खोलीत कुढत बसता? या तिकडं. वखारीच्या मागं दोन खोल्या रिकाम्या आहेत." माझी मुलगी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत सहावीत होती. तिचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "अळणावरला काय शाळा नाहीत होय? पोरीची शाळा कशाला सुटतीय!"

माझीही शाळा सुटणार नाही असंच मला सांगितलं होतं.

गणितात मी कुठं बुडाले हे अक्कोरूंना पहिल्याच सकाळी कळलं. त्यांनी विचारलं, "पन्नासाचं वर्गमूळ. त्यातून अठराचं वर्गमूळ काढून टाक. काय राहिलं?"

मी पटकन म्हटलं, "बत्तीसाचं वर्गमूळ."

"कसं?"

"पन्नासातून अठरा गेले, बत्तीस."

"आणि वर्गमूळ?"

"ते वरती तसंच ठेवायचं. झाकणासारखं."

अक्कोरूंनी काठी फरशीवर आपटली. समोरच्या नळावर पाणी भरणारी शेजारीण दचकली. "झाकण म्हणे! तंगी, तुझ्या स्वयंपाकघरात ठेव झाकण."

त्या मला तंगी म्हणायच्या, धाकटी बहीण. रागावल्या तरी तंगीच.

मग त्यांनी मला ठिपके द्यायला लावले. आडवे सात, उभे सात, सगळे सारख्या अंतरावर. ही रांगोळी मला माहेरापासून येत होती, त्यामुळे जरा धीर आला. काठीच्या टोकानं त्यांनी चार ठिपक्यांचा एक चौकोन दाखवला. "हे एक घर. याची बाजू एक. आता कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ मार. तिची लांबी किती?"

मला वाटलं एकच. मग वाटलं, नाही, जास्त असेल. दीड म्हटलं.

"अंदाज नको. त्या तिरक्या रेघेवर चौकोन उभा कर."

मी केला. तिरका चौकोन, पतंगासारखा. त्यात काय काय सापडलं ते त्यांनी मोजायला लावलं: घराची चार अर्धुकं. चार अर्धी म्हणजे दोन घरं. चौकोनात दोन घरं मावतात, तर त्याची बाजू दोनाचं वर्गमूळ. तीच माझी तिरकी रेघ.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी या रेघा मारत होते. कुणी सांगितलं नव्हतं की हिला काही नाव आहे.

"आता तीच रेघ लांबव. पाच घरं तिरकी चालत जा."

मी गेले. मोठा पतंग केला तर त्यात पन्नास घरं येतात, हे त्यांनी तोंडी पटवलं: पाच पाचे पंचवीस, दुप्पट पन्नास. म्हणजे पन्नासाचं वर्गमूळ ही लांब तिरकी रेघ. आणि तिच्या पोटात ठिपके होते. त्या ठिपक्यांनी रेघेचे सारखे पाच तुकडे केले होते, प्रत्येक तुकडा दोनाच्या वर्गमुळाएवढा.

"पोटात ठिपका असला की रेघ तुटते," अक्कोरू म्हणाल्या. "पन्नासाचं मूळ म्हणजे पाच वेळा दोनाचं मूळ. अठराचं?"

मी तिरकी चालत गेले. तीन घरं. "तीन वेळा दोनाचं मूळ."

"पाचातून तीन गेले?"

"दोन."

"आणि तू सांगितलेलं बत्तीसाचं मूळ म्हणजे किती तुकडे? चार! पाच भाकऱ्या केल्या, तीन खाल्ल्या, टोपलीत चार. असलं घर मला पण बघून दे, तंगी. इथलं सोडून राहायला येते."

नळावरची शेजारीण खो खो हसली. मी पण हसले, आणि क्षणभर ती अळणावरची वखार विसरले.

त्यानंतरचे दिवस मी जरा हवेतच होते. एक आडवं दोन उभं चाललं की पाचाचं मूळ. दोन आडवं चार उभं चाललं की वीसाचं, आणि त्याच्या पोटात बरोबर मधोमध ठिपका, म्हणजे दोन वेळा पाचाचं. पाचाच्या मुळातून दोनाचं मूळ का वजा करता येत नाही तेही दिसलं: दोन्ही रेघांचा तिरकेपणाच वेगळा, एकीचे तुकडे दुसरीवर बसत नाहीत. पुस्तकात त्याला सजातीय आणि विजातीय करणी म्हणतात. माझ्या तोंडात ते शब्द ऐकून शेजारीण म्हणाली, "सकाळच्या पारी दारात करणी कसली करताय गं बायांनो?" अक्कोरूंनी काठी तिच्याकडे वळवली. "बा इल्ली, ये इकडं. तुझ्यावरच करायची आहे."

मी आता सगळी गणितं ठिपक्यांवर सोडवायची. अंगणवाडीच्या फळ्यावर, चुलीच्या राखेत, पिठाच्या परातीत बोटानं. मुलगी म्हणायची, "आई, चपात्या करतेस का परीक्षा देतेस?" मला वाटायचं, आता सापडलं. मी कधी शिकलेच नव्हते असं नाही, मला ते येतच होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. आज कळतं, धोका तिथंच होता.

एका रविवारी थोरले दीर आले. चहा पिता पिता नवऱ्याला म्हणाले, "महिनाअखेरीला ट्रक रिकामा येतोय हुबळीहून. सामान त्यात टाका."

नवरा म्हणाला, "अण्णा, हिचा पेपर आहे."

"पेपर!" दीर हसले. वाईट माणूस नव्हता तो. आमच्या पडत्या काळात तोच धावून यायचा, आणि म्हणूनच त्याच्यापुढे बोलता येत नसे. "बरं, पेपर होऊ दे. कशाचा आहे?"

"गणिताचा," मी म्हटलं.

"मग ट्रकचं पक्कं धरतो," ते म्हणाले.

नवऱ्यानं मान खाली घातली. तो माझ्या बाजूचा होता, पण निम्मे दिवस घरी बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिरीमिरीतच अक्कोरूंच्या दारात गेले. त्यांना दाखवायचं होतं की मला येतं. त्यांनी काही विचारायच्या आत मी ठिपके दिले, एक आडवं आणि सात उभं अशी लांबच लांब रेघ मारली आणि म्हटलं, "एक एके एक, सात साते एकोणपन्नास, मिळून पन्नास. ही पन्नासाच्या मुळाची रेघ. पोटात एकही ठिपका नाही. ही तुटत नाही."

अक्कोरूंनी काठीचं टोक रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग म्हणाल्या, "पन्नासाचं मूळ तुटत नाही?"

"ही बघा ना. नोडरी, कुठं आहे ठिपका?"

"त्या दिवशी तुटत होतं."

मी रेघेकडे बघितलं. खरंच, त्या दिवशी तुटत होतं. पाच तुकडे पडले होते. आणि आज तीच संख्या समोर अखंड पडली होती, आणि मी छातीठोकपणे सांगत होते की तुटत नाही.

अक्कोरूंनी वेणीतल्या गजऱ्याचा दोरा सोडून मला दिला. मी शेजारी त्या दिवसाची पाच घरांची तिरकी रेघ काढून तो तिच्यावर धरला, मग या नव्या रेघेवर. दोऱ्याचं टोक नेमकं टोकाला आलं. दोन्ही रेघा एकाच लांबीच्या.

"रेघेनं सांगितलं नाही म्हणून संख्या तुटायची राहत नाही," त्या म्हणाल्या. "पन्नासात पंचवीस आहे. पंचवीस हा पुरा वर्ग. तो पाच होऊन बाहेर येतो, दोन आत राहतो. रेघ कुठल्या वाटेनं गेली याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. तिळीता?" कळलं का, म्हणून त्या असं विचारायच्या.

मी मान हलवली. कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की पायाखालची फरशी सरकली.

"पूस ते," अक्कोरू म्हणाल्या. "आजपासून ठिपके बंद. सगळं येत नाही ठिपक्यांवर."

मला रडू आलं. माझ्याजवळ एकच गोष्ट होती आणि तीच पुसायला सांगत होत्या. मी फडक्यानं पुसलं, पण रागानं पुसलं, आणि जाताना नमस्कारही केला नाही. तरी दुसऱ्या दिवशी गेलेच. गेले नसते तर जाणार कुठं होते?

मग अक्कोरूंनी तोंडी सुरू केलं. मी त्यांच्या दारात ठिपक्यांऐवजी वेलबुट्टी काढायची आणि वरून त्या आकडे टाकायच्या. "बहात्तर!" छत्तीस दुणे बहात्तर, सहा मूळ दोन. "अठ्ठेचाळीस!" सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, चार मूळ तीन. मी उत्तरं द्यायची, पण मनातून नाही. मनातल्या मनात मी गुपचूप ठिपके मोजतच होते. जमलं नाही की पाढ्यांवर भागवायची आणि पुढं सरकायची. त्यांना ते दिसत असावं. तरी पुढचा आकडा टाकायच्या.

पेपराच्या दिवशी नवरा मला लॅमिंग्टन रोडच्या बाजूच्या एका शाळेत सोडायला आला. फाटकापाशी माझ्या हातात पेन देऊन म्हणाला, "ट्रकचं मनात आणू नको." त्यानं तसं म्हटल्यावर मी सगळा वेळ ट्रकचाच विचार केला.

वर्गात माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी मुलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून विचारलं, "आंटी, तुम्ही सुपरव्हिजनला ना?" मी नाही म्हटलं. ती पुढं वळली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की तीही घाबरली होती, कोण जाणे.

भूमितीचं एक प्रमेय अर्धवट राहिलं. बीजगणितातलं एक समीकरण दोनदा वेगळं आलं. मी काठावर होते हे मला मोजायची गरज नव्हती. नापास होण्याचा वास मला ओळखीचा होता. आणि मग तो प्रश्न आला:

सोपे रूप द्या: √75 − √27

मला आनंद झाला. हे माझं! मी उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या बाजूला बारीक बारीक ठिपके दिले. पंच्याहत्तराची रेघ शोधायला लागले. पाच आडवे घेतले तर पंचवीस, उरले पन्नास. पन्नास हा पुरा वर्ग नाही. सात घेतले तर एकोणपन्नास, उरले सव्वीस. नाही. आठ, चौसष्ट, अकरा. नाही. एक घेऊन बघितलं, दोन, तीन. कुठल्याच वाटेनं पंच्याहत्तरावर पोचता येईना. म्हटलं, जाऊ दे, सत्तावीस बघू. तेही नाही. ठिपक्यांच्या त्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात ही रेघ कुठंच नव्हती.

घामानं पेन निसटायला लागलं. पर्यवेक्षक माझ्या बाकाशी थांबून ठिपक्यांकडे बघू लागले. माझ्या कानात थोरले दीर ट्रक पक्का करत होते. पोरीचं दप्तर वखारीतल्या फळ्यांवर ठेवलेलं दिसलं. एक क्षण असा आला की हात आपोआप 'अठ्ठेचाळीसाचं वर्गमूळ' असं लिहायला निघाला, पंच्याहत्तर वजा सत्तावीस, वरती झाकण, आणि सुटका.

अठ्ठेचाळीस.

तो आकडा मनात उमटला आणि त्याच्या मागोमाग काठी आपटल्याचा आवाज आला. अठ्ठेचाळीस! सोळा त्रिक. चार मूळ तीन. मी वेल काढता काढता म्हटलेलं. आणि मग, पाच भाकऱ्या, तीन खाल्ल्या, टोपलीत चार.

मी ठिपक्यांवर आडवी रेघ मारली. सगळ्यांवर. पंच्याहत्तरात पंचवीस आहे, आत तीन राहतो: पाच मूळ तीन. सत्तावीसात नऊ आहे, आत तीनच राहतो: तीन मूळ तीन. तीनाचं मूळ कसं दिसतं मला माहीत नव्हतं. मी ते कधी काढलेलं नव्हतं. तरी पाचातून तीन गेले की दोन राहतात, कशाचेही असले तरी.

2√3, असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. बरोबर की चूक, डोळ्यांना काहीच आधार नव्हता. आयुष्यात मी पहिल्यांदा न दिसणाऱ्या गोष्टीवर हिशेब सोडला, आणि तो सोडून पुढच्या प्रश्नाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकून मी अक्कोरूंच्या दारात बसले. त्यांनी कट्ट्यावरून विचारलं, "काय आलं होतं?"

"पंच्याहत्तराचं मूळ वजा सत्तावीसाचं."

"मग?"

"दोन मूळ तीन."

त्यांनी काठीचं टोक फरशीवर टेकवलं. "काढून दाखव."

चिमूट भरलेली होती. मी फरशीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "येत नाही काढता, अक्कोरू. ठिपक्यांवर बसत नाही ते."

"बसत नाही?"

"नाही. पण आहे."

"हां," त्या म्हणाल्या, आणि काठी बाजूला ठेवून दिली. "आता दे ठिपके. मोर काढ. पुष्कळ दिवस झाले मोर बघून."

निकाल लागला तेव्हा नवरा शाळेच्या फळ्याशी माझा नंबर शोधायला गेला आणि मी अंगणवाडीत उप्पीट करपवलं. तो धावत आला नाही, चालत आला, त्यामुळे मी आधीच भिंतीला टेकले. दारात उभा राहून म्हणाला, "अण्णाला फोन करून येतो. ट्रक दुसऱ्या कुणाला दे म्हणतो."

मी चूल विझवायचीही विसरून अक्कोरूंकडे पळाले. पाया पडायला वाकले तर त्यांनी काखेत धरून उठवलं, गुडघ्यांचं भान न ठेवता, आणि स्वतःच कळवळल्या.

"किती पडले?"

"फार नाहीत," मी म्हटलं. "काठावरच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे रोखून बघितलं. "बत्तीस तर नाहीत ना, तंगी?"